आधी सेटिंग उघडा, मग पाकीट

वाङ्मय मंडळाच्या अंकात कम्प्युटर गेमवर लेख कशाला, असं कुणी म्हणेल. पण आपल्यातले कितीतरी जण रात्री कादंबरी मिटून गेम उघडतात, आणि त्यात घरच्यांचे पैसे जातात. म्हणून लिहिते आहे.

इंदूरच्या जेल रोडवर मॉनिटर बघायला जा, कानावर आकडेच पडतात. १४४ हर्ट्झ, १६५ हर्ट्झ, "भिया, एकदम मक्खन चलेगा!" घरी आणल्यावर गेम अडखळतो, चित्र मधूनच फाटल्यासारखं दिसतं. मग सल्ला ठरलेला: ग्राफिक्स कार्ड बदला. माझ्या मते हा सल्ला बऱ्याचदा घाईचा असतो.

मुळात भानगड मेळाची आहे. मॉनिटर ठरलेल्या ठेक्यावर चित्र बदलतो: ६० हर्ट्झला दर १६.७ मिलिसेकंदांनी, १४४ ला दर ६.९ मिलिसेकंदांनी. कार्डाला मात्र प्रत्येक चित्राला सारखाच वेळ लागत नाही. मॉनिटर अर्ध्यावर असताना नवं चित्र आलं, की वर जुनं आणि खाली नवं दिसतं. व्ही-सिंक लावलं तर फाटणं थांबतं, पण उशीर झालेलं चित्र पुढच्या ठोक्यापर्यंत ताटकळतं आणि गेम अडखळतो. अ‍ॅडॅप्टिव्ह सिंकमध्ये मॉनिटरच कार्डासाठी थांबतो. भजनात पेटीवाला गायकाच्या मागून जातो ना, तसं.

एनव्हिडियाने २०१३ मध्ये जी-सिंक जाहीर केलं, तेव्हा त्यासाठी मॉनिटरमध्ये वेगळा महागडा भाग लागायचा. २०१४ मध्ये व्हेसा या संस्थेने ही सोय डिस्प्लेपोर्टच्या मानकातच घातली. एएमडीचं फ्रीसिंक त्यावरच उभं आहे. २०१९ पासून एनव्हिडियाची जीटीएक्स १० मालिकेपासूनची कार्डंही अशा मॉनिटरांवर चालू लागली. म्हणजे आज साध्या गेमिंग मॉनिटरातही ही सोय बहुधा असते. पैसे आपण भरलेले असतात, बटण तेवढं बंद असतं.

तेव्हा आधी मॉनिटरच्या स्वतःच्या मेनूत ती चालू करा. केबल शक्यतो डिस्प्लेपोर्टची लावा. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये रिफ्रेश रेट बघा, कारण १४४ चा मॉनिटर निमूटपणे ६० वर चालत असू शकतो. मग कार्डाच्या सॉफ्टवेअरमध्ये जी-सिंक किंवा फ्रीसिंक लावा. शेवटी एफपीएसला मर्यादा घाला, १४४ च्या मॉनिटरला १४० च्या आसपास.

"मर्यादाच घालायची तर पैसे कशाला मोजले?" हा प्रश्न येतोच. पण मेळ ठराविक पट्ट्यातच राहतो, समजा ४८ ते १४४ हर्ट्झ. त्याच्या वर गेलात की तो तुटतो. डोळ्यांना सुख सारख्या गतीने मिळतं. कोपऱ्यातला आकडा क्षणात १८०, क्षणात ९० झाला तर ते मिळत नाही.

याने सगळंच सुटतं असं नाही. गेम २५ एफपीएसवरच रखडत असेल तर ग्राफिक्स कमी करा, नाहीतर खरंच नवं कार्ड लागेल. काही मॉनिटरांवर, विशेषतः व्हीए पॅनेलच्या, लोडिंगच्या वेळी उजेड लुकलुकतो. तोही त्रासच.

पण बाबांकडे कार्डाचे पैसे मागण्याआधी ही पंधरा मिनिटं द्या. आणि नवा मॉनिटर घेताना दुकानदाराला एवढंच विचारा: "ही सिंकची सोय किती हर्ट्झपासून किती हर्ट्झपर्यंत चालते?" त्याला उत्तर देता आलं नाही, तर पाकीट खिशातच राहू द्या.