ठेवीदारांचा पैसा आणि संचालकांची जबाबदारी

सन 1912 मध्यें पुण्यांत स्थापन झालेल्या रुपी सहकारी बँकेचा कारभार सन 2022 मध्यें कायमचा बंद झाला. एकशें दहा वर्षांच्या संस्थेचा हा अंत दुर्दैवाचा नव्हे, दुर्व्यवहाराचा होय. बेशिस्त कर्जवाटपानें बुडीत कर्जांचा डोंगर साचला. सन 2013 मध्यें रिझर्व्ह बँकेनें निर्बंध लादले. आणि पुढें नऊ वर्षें ठेवीदार स्वतःच्याच पैशासाठीं याचकाप्रमाणें तिष्ठत राहिले.

शेंकडा 99 हून अधिक ठेवीदारांस ठेवविम्यांतून पूर्ण रक्कम मिळण्याचा हक्क होता, मग तक्रार कशाची, असें कोणी विचारील. आमचें उत्तर असें कीं, मुद्दल परत आलें तरी गेलेला काळ परत येत नाहीं. मुलीचें लग्न, आईचें औषधपाणी, दुकानाचा माल हीं कामें विम्याची वाट पाहत थांबत नसतात. शिवाय हा विमा सर्व बँकांच्या हप्त्यांवर चालतो. म्हणजे एकाच्या बेपर्वाईचा भार प्रामाणिक संस्थांनीं वाहावयाचा, हा कोठला न्याय? वसुली प्रथम दोषी संचालकांच्या मालमत्तेंतून झाली पाहिजे.

परंतु सभासदांनींही आपलें कर्तव्य ओळखावें. सहकारी संस्थेंत सभासद हाच मालक. अहवाल न वाचतां वार्षिक सभेंत हात वर करणारा मालक आपल्या तिजोरीची किल्ली परक्याच्या हातीं देतो. कर्ज कोणास दिलें, तारण काय घेतलें, कर्जदार संचालकांचा आप्त आहे काय, हे तीन प्रश्न व्यापाऱ्यांनीं प्रतिवर्षीं भर सभेंत विचारावे. ज्यास त्यांचा राग येईल, त्यास संचालक निवडूं नये.