फुगा

गेल्या वर्षी ह्यांची अँजिओप्लास्टी झाली. डॉक्टर म्हणाले, "नळीच्या टोकाला फुगा असतो. तो अडथळ्यापाशी नेऊन फुगवायचा." माझ्या डोळ्यांसमोर जत्रेतला फुगा आला आणि पोटात गोळा उठला. फुटला तर?

ह्यांना घरी आणल्यावर नातवाकडून सगळं वाचून घेतलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, तेव्हा समजलं तेवढंच सांगते.

१९६३ साली अमेरिकेत थॉमस फोगर्टी यांनी रक्ताची गुठळी ओढून काढणारी फुग्याची नळी जगापुढे आणली. आधी त्यांनी रबरी हातमोज्याच्या बोटाचं टोक कापून नळीला बांधून पाहिलं होतं. ही गाठ मारायची हातोटी कुठली? मासेमारीच्या गळाला दोऱ्याने नकली माशी बांधायच्या छंदातली!

पण अरुंद झालेली धमनी उघडायला असा मऊ फुगा चालत नाही. रबर मोकळी जागा मिळेल तिकडे फुगतं आणि अडथळ्यापाशी बारीकच राहतं, डमरूसारखं. झुरिकच्या आंद्रियास ग्रुंटझिग यांना ठरलेल्या जाडीपलीकडे न फुगणारा फुगा हवा होता. घरच्या स्वयंपाकघरात खटपट करून त्यांनी तो पीव्हीसीचा बनवला आणि १६ सप्टेंबर १९७७ला हृदयाच्या धमनीत पहिल्यांदा वापरला. फुग्यात हवा नसते, क्ष-किरणांत दिसणारं द्रव भरतात. त्यामुळे फुगा नीट फुगला का ते दिसतं, आणि फुटलाच तर रक्तात हवा शिरत नाही. माझ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं.

आता माझं मत. कल्पना डोक्यात येते हे खरं, पण ती हातात उतरावी लागते. आणि हाताला वळण लहानपणीच लागतं. आम्ही शाळांनी ते कधी मानलं नाही. दहावीच्या वर्गाचा कार्यानुभवाचा तास मीच मागून घ्यायची, व्याकरण राहिलंय म्हणून. एक मुलगा बाकाखाली सुतळीच्या गाठी मारत बसे. त्याची सुतळी मी काढून घेतली आणि त्याला तासभर उभं केलं. वर्गही हसला, मीही हसले.

ह्यांच्या धमनीत जे गेलं, ते अशाच कुणाच्या तरी गाठी मारण्यातून आलेलं. तेव्हा मी तास घेतला नव्हता मंडळी, मुलांचा तास चोरला होता.

म्हणून आपल्या घरातल्या शिक्षक भाचरांना एवढंच सांगणं. हाताने काही करायचा तास कुणी मागितला तर देऊ नका. माझ्यासारख्या बाईंनी मागितला तरी.