हरिकेन शिखराची वाट आणि मनोरा

अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्याच्या ईशान्येस पसरलेल्या अ‍ॅडिरॉन्डॅक पर्वतराजीत हरिकेन नावाचे ३,६९४ फूट उंचीचे शिखर असून, त्याच्या उघड्या कातळमाथ्यावर वणव्यांच्या टेहळणीसाठी १९१९ साली उभारलेला पोलादी मनोरा अद्याप उभा आहे. पूर्वेस शॅम्प्लेन सरोवर व त्यापलीकडे व्हर्माँटचे डोंगर, तर नैर्ऋत्येस ५,३४४ फुटी मार्सीसह राज्यातील सर्वोच्च शिखरांची रांग असे विस्तीर्ण दृश्य येथून दिसते. ते पाहण्यासाठी मनोऱ्यावर चढण्याचीही फारशी गरज नाही, कारण माथा मुळातच मोकळा आहे. असे असूनही पदयात्री येथे येतात ते बव्हंशी मनोऱ्याच्या ओढीने, आणि त्यामुळेच या शिखराचा इतिहास सांगताना आधी वणव्यांचा इतिहास सांगावा लागतो.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या जंगलात मोठ्या प्रमाणावर वृक्षतोड झाली. लाकूडतोडे कामाची खोडे नेत आणि फांद्या-शेंडे जागीच टाकून देत, त्यामुळे वाळलेल्या काटक्यांचे थर मैलोगणती साचत गेले. त्यांमधून धावणाऱ्या आगगाड्यांच्या ठिणग्या आणि १९०३ सालचा कोरडा वसंत ऋतू यांची गाठ पडली, तेव्हा चार लाख एकरांहून अधिक जंगल जळाले. पाच वर्षांनी पुन्हा तसाच अनर्थ घडल्यावर राज्य शासनाला जाग आली. तोडलेल्या झाडांच्या फांद्या छाटून जमिनीलगत कुजू द्याव्यात आणि वणव्याच्या मोसमात इंजिनांनी दिवसा कोळशाऐवजी तेल जाळावे असे दंडक घालण्यात आले, तसेच १९०९ पासून शिखरांवर टेहळणीची ठाणी बसवण्यास आरंभ झाला. आरंभीचे मनोरे लाकडी होते. पुढे शिकागोच्या एअरमोटर या पवनचक्क्या बनवणाऱ्या कंपनीकडून पोलादी मनोरे घेण्यात आले. पवनचक्कीचाच सांगाडा, फक्त माथ्यावर चक्राच्या जागी चहूबाजूंनी काचा असलेली खोली, असे त्यांचे रूप होते.

या खोलीत मध्यभागी भोवतालच्या प्रदेशाचा गोलाकार नकाशा मांडलेला असे आणि त्यावर फिरणाऱ्या दर्शकपट्टीने, म्हणजे नेम धरण्याच्या पट्टीने, धुराची दिशा अंशांत मोजली जाई. एका मनोऱ्यावरून केवळ दिशा कळते, अंतर कळत नाही. दुसऱ्या मनोऱ्यावरून घेतलेली दिशारेषा पहिलीला जेथे छेदते तेथे आग, हे त्यामागील साधे भूमितीचे तत्त्व होते. विशेष म्हणजे, १८७० च्या दशकात व्हर्प्लँक कोल्विन याने या पर्वतराजीची मोजणी केली ती याच तत्त्वावरील त्रिकोणमापनाच्या आधारे, आणि त्याच्या मोजणीस्थानांत हरिकेनचाही समावेश होता. टेहळ्या वसंतापासून पानगळीपर्यंत डोंगरावरच राही, आणि त्याच्या दूरध्वनीची तार, शिधा व सरपण ज्या मार्गाने येई त्याच मार्गाचे पुढे पदयात्रींच्या वाटेत रूपांतर झाले.

मात्र कामापुरती पाडलेली वाट आणि आखलेली वाट यांत मोठे अंतर असते. अ‍ॅडिरॉन्डॅकच्या जुन्या वाटा सरळ उभ्या चढतात, म्हणजे ज्या रेषेने पाणी खाली धावते त्याच रेषेने माणूस वर जातो. परिणामी वाटेचाच ओहोळ होतो, माती वाहून मुळे उघडी पडतात, ती चुकवण्यासाठी चालणारे कडेने चालतात आणि वाट वर्षागणिक रुंदावत जाते. आधुनिक आखणीचा एक सर्वमान्य नियम असा की, वाटेचा चढ हा ज्या उतारावरून ती जाते त्याच्या चढाच्या निम्म्याहून अधिक नसावा. तसे असल्यास पाणी वाटेवरून न वाहता तिला आडवे ओलांडून उतरते. हरिकेनची दक्षिणेकडील वाट गेल्या दशकात याच विचाराने नव्याने आखण्यात आली. ती आता वळणे घेत, सुमारे साडेतीन मैलांत अंदाजे दोन हजार फूट चढते आणि म्हणूनच जुन्या वाटेपेक्षा लांब आहे. अशा वाटांवर दलदलीत ओंडक्यांचे साकव टाकतात, तीव्र चढावर कोकणातल्या पाखाडीसारख्या दगडी पायऱ्या बसवतात आणि पाणी बाजूला वळवणारे आडवे दगडी बांध घालतात. या बांधांमागे साचलेला पालापाचोळा दरवर्षी उपसावा लागतो. चांगली वाट टिकते ती मुख्यतः या कंटाळवाण्या कामावर. घाईत असलेल्या गिर्यारोहकांना लांब वळणे रुचत नाहीत, परंतु त्यांची तक्रार फारशी मनावर घेण्याचे कारण नाही.

मनोऱ्याचे भवितव्य मात्र इतक्या सहज सुटले नाही. १८९४ च्या राज्यघटनेने येथील शासकीय वनजमिनी कायम रानवट ठेवण्याचे बंधन घातले, आणि १९७२ च्या भूमिआराखड्याने अशा काही प्रदेशांतील मानवी बांधकामे हटवण्याचे धोरण स्वीकारले. दरम्यान टेहळणीचे काम विमानांकडे गेल्याने अनेक मनोरे उतरवले गेले. हरिकेन आणि सेंट रेजिस या दोन शिखरांवरील मनोऱ्यांवरही हीच पाळी येणार होती, परंतु स्थानिक लोकांच्या विरोधानंतर २०१० मध्ये मनोऱ्यांभोवतीच्या लहानशा जागेला ‘ऐतिहासिक क्षेत्र’ असा वेगळा दर्जा देऊन ते वाचवण्यात आले आणि पुढे त्यांची डागडुजीही झाली. रानाच्या मधोमध नकाशावर इवलेसे बेट काढून नियमातून सुटका करून घेण्याची ही युक्ती थोडी हास्यास्पद आहे, तरीही निर्णय योग्यच म्हणावा लागेल, कारण ज्या यंत्रणेमुळे हे जंगल आगीपासून राखता आले तिची खूण त्याच जंगलाच्या शुद्धतेसाठी पुसून टाकणे अधिकच विसंगत ठरले असते.

न्यूयॉर्क व न्यू जर्सी परिसरातील अनेक मराठी कुटुंबे सुटीत या डोंगरांकडे वळतात. बर्फ वितळून जमीन भिजलेली असते त्या वसंतकाळात अडीच हजार फुटांवरील वाटा टाळाव्यात असे आवाहन राज्याचे पर्यावरण खाते करते, ते त्यांनी अवश्य पाळावे. आणि पुढे उन्हाळ्यातही चिखल लागलाच, तर कडेच्या गवतावर न जाता बूट भिजवून वाटेच्या मधूनच चालावे.