घटातील धान्य

आश्विन जवळ आला की आमच्या घरी माळ्यावरची परडी खाली उतरते. माती चाळावी, गहू निवडावे, मातीचा घट पाझरतो की नाही ते पाहावे, ही कामे आमच्या आजीपासून चालत आली आहेत. भोपाळात राहून आमच्या चालीरीतींत पुष्कळ हिंदी मिसळले. घट मात्र अजून मराठीच बसतात. परंतु याच घटाने एकदा एका मुलीच्या डोळ्यांत पाणी आणलेले मी पाहिले आहे.

काही वर्षांपूर्वी आमच्या परिचयाच्या एका घरी घटातील धान्य नीट उगवले नाही. दसऱ्याला इतर घरी वीतभर तुरे डोलत असताना तेथे जेमतेम चार काड्या होत्या. त्याच वर्षी त्या घरात नवी सून आली होती. उघड कोणी काही बोलले नाही. पण सोने द्यावयास गेलो तेव्हा तिचा उतरलेला चेहरा पाहून सारे कळले. परडी तुळशीपाशी ठेवली होती. माती बोटाने उकरली तो आंबूस वास आला. "पाणी कोण घालीत असे?" मी विचारले. सूनबाई हळूच म्हणाल्या, "मीच. सकाळ-संध्याकाळ एकेक तांब्या."

गव्हाचा दाणा निर्जीव दिसतो, पण तो निजलेला असतो. ओंबीतच कोंब फुटू नयेत म्हणून ॲब्सिसिक आम्ल नावाचे संप्रेरक त्याला निजवून ठेवते. संप्रेरक म्हणजे वनस्पतीने स्वतःच निर्माण केलेला, अत्यल्प प्रमाणात काम करणारा निरोप्या. साठवणीत ही निद्रा हळूहळू उतरते. पुढे दाणा ओला झाला की आतील अंकुर जिबरेलिन हे दुसरे संप्रेरक सोडतो. ते पिठाभोवतीच्या पातळ थरापर्यंत पोहोचते, तो थर विकरे तयार करतो आणि विकरे पिठाची साखर करतात. या शिदोरीवर कोंब वाढतो. मात्र ती पचविण्यास हवा लागते. चिखलात हवा नसते. दाणा गुदमरतो व कुजतो. पाझरणारा घट ओल तेवढी देतो, लोंढा देत नाही. आपल्या पूर्वजांनी हे सूत्र लिहून ठेवले नाही, पण घट मात्र पाझरणाराच निवडला.

राहिला प्रश्न तुऱ्यांच्या उंचीचा. श्रावणी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे भुजरिया निघतात. भोपाळातील किन्नर समाजाची त्यांची मिरवणूक तर आपण सर्वांनी पाहिली आहे. त्या भुजरियाही घटातील धान्याप्रमाणेच उंच आणि पिवळ्या असतात, कारण त्या अंधारात वाढविलेल्या असतात. प्रकाश नसला की कोंब हिरवा होण्यात शक्ती खर्च करीत नाही. तो केवळ उंच होत प्रकाश शोधतो. एका बाजूने उजेड आला तर तिकडे वाकतो. चार्ल्स डार्विन व त्याचा पुत्र फ्रान्सिस यांनी 1880 साली दाखविले की कोंबाचे टोक झाकले तर हे वाकणे थांबते. टोकात तयार होणारे ऑक्झिन सावलीच्या बाजूस अधिक जमते, ती बाजू अधिक लांबते, म्हणून कोंब उजेडाकडे झुकतो, हे पुढे उमगले. तेव्हा पिवळी उंची म्हणजे भरभराट नव्हे. तो प्रकाशाचा शोध आहे.

शिवाय बियाणे कोणते, यावरही उंची ठरते. जपानात भाताची काही रोपे भलतीच उंच होऊन कोलमडत. 1926 साली कुरोसावा यांनी दाखविले की एका बुरशीचा स्राव त्यांना वाढवितो, तेच जिबरेलिन. याच्या उलट प्रकार आपल्या शेतांत आहे. 1960 नंतरच्या दशकात भारतात आलेल्या बुटक्या गव्हाला जिबरेलिनचा निरोप नीट पोहोचतच नाही. त्यामुळे त्याचा ताठा आखूड राहतो, तो लोळत नाही आणि दाणा भरपूर देतो. परंतु त्याच्या कोंबाची म्यानही आखूड असते. म्हणून तो सुमारे दोन इंचच खोल पेरतात. ओलीच्या शोधात फार खोल पेरला तर पहिले पान मातीखालीच म्यानेबाहेर पडून चुरगळते. सिहोरकडे शरबती म्हणून पेरला जाणारा सी-306 मात्र जुन्या वळणाचा, उंच. एका घरी शरबती आणि दुसऱ्या घरी बुटका गहू पेरला, तर दोन घटांची तुलना ती काय करावयाची?

हे सारे मी त्या दिवशी अंगणातच सांगितले. काकूंनी ऐकून घेतले. पटले असे काही म्हणाल्या नाहीत. पुढच्या नवरात्रात त्यांनी मला मुद्दाम बोलावून नेले. परडी गच्च भरली होती. "पाहिलंत भाऊसाहेब, आता आमच्या सुनेला हातगुण आला!" काकू कौतुकाने म्हणाल्या.

सूनबाई नैवेद्याचे ताट घेऊन येत होत्या. त्या हसून म्हणाल्या, "हातगुण नाही हो आई. पाणी कमी घातलं."