उलट बोललेले कोणाला खपते?



जिल्हा मेळाव्याच्या या अंकात भावाचा, कर्जाचा आणि विजेचा विषय दुसऱ्या पानांवर आहेच. या पानावर मी एक गोष्ट सांगणार आहे. गोष्ट आफ्रिकेतली आहे. ती वाचताना तुम्हांला आपल्याच पारावरच्या कोणाची आठवण झाली तर तो दोष माझा नाही.

पश्चिम आफ्रिकेत घाना नावाचा देश आहे. तिथल्या जंगलपट्ट्यात अशांती जमातीचे लोक शेती करून राहतात. त्यांच्या गोष्टींचा नायक राजा नाही, देव नाही, तर क्वाकू अनान्से नावाचा कोळी आहे. कोळी म्हणजे जाळे विणणारा किडा. पण गोष्टीत तो माणसासारखाच वागतो. त्याला बायका-पोरे आहेत, शेत आहे आणि पोटात कायमची भूक आहे. अंगात ताकद नाही, पण डोक्यात कपट ठासून भरलेले. आपल्या गोष्टींतल्या कोल्ह्याचा तो सख्खा भाऊच समजा. रॅट्रे नावाच्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने या गोष्टी लोकांच्या तोंडून ऐकून लिहून घेतल्या आणि १९३० साली छापल्या. त्यांतली एक अशी.

एक माणूस होता. त्याला कोणी उलट बोललेले खपत नसे, म्हणून त्याचे नावही तेच पडले. आपण सोयीसाठी त्याला ‘नाखपे’ म्हणू. गावात राहायचे तर कोणीतरी उलट बोलणारच. म्हणून या नाखप्याने रानात एकट्याचीच वस्ती केली. एक दिवस एक छोटे हरीण तिकडे गेले. दोघे पामच्या झाडाखाली बसले असता वरून फळे पडली. हरीण म्हणाले, ‘बाबा, तुमची फळे पिकली की.’

नाखपे म्हणाला, ‘माझ्या झाडाचे असेच आहे. पिकले की एकदम तीन घड पिकतात. त्यांचे मी तीन घागरी तेल काढतो. तेल विकून एक म्हातारी विकत आणतो. ती म्हातारी माझ्या आजीला जन्म देते, आजी माझ्या आईला जन्म देते आणि आई मला. आई मला जन्म देते तेव्हा मी तिथे उभाच असतो.’

हरीण म्हणाले, ‘हे काही खरे नाही.’ नाखप्याने सोटा उचलला आणि हरणाच्या टाळक्यात घातला. हरीण जागच्या जागी गार. पुढे आणखी प्राणी गेले. ज्याने ज्याने ‘खोटे’ म्हटले, तो तो मेला.

शेवटी अनान्से गेला. त्याने म्हातारीची सगळी हकिगत शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाला, ‘खरे आहे बाबा. माझ्या घरच्या भेंडीचेही तसेच आहे. सत्त्याहत्तर आकड्या एकीला एक बांधल्या तरी शेंड्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग मी उताणा पडतो आणि...’ तो भेंडी कशाने तोडतो ते या अंकात छापण्यासारखे नाही. मेळावा संपल्यावर चहाच्या टपरीवर विचारा. नाखपे ‘खरे आहे’ म्हणाला. म्हणणे भागच होते. मग अनान्सेने त्याला दुसऱ्या दिवशी जेवायला बोलावले.

दुसऱ्या दिवशी नाखपे दारात आला तेव्हा घरात फक्त पोरे होती. ‘बाप कुठे आहे?’ ‘बाबांचे ते भेंडी तोडायचे अवजार काल सात ठिकाणी मोडले. सांधायला लोहाराकडे गेलेत.’ ‘आणि आई?’ ‘आई काल पाणी भरताना घागर पडणार होती. तिने ती धरली, पण धरायची थोडी राहून गेली. ती पुरी धरायला आज परत गेलीय.’ नाखपे गप्प. तेवढ्यात अनान्से आला आणि त्याने पाहुण्याला वाढले. एवढीशी मासळी आणि मूठभर मिरची. नाखप्याच्या तोंडाची आग झाली. ‘पोरा, पाणी दे!’

अनान्सेचा पोरगा न्तिकुमा म्हणाला, ‘देतो, पण जरा थांबावे लागेल. घागरीत वरचे पाणी बाबांचे आहे, मधले सावत्र आईचे आणि तळाचे माझ्या आईचे. पाहुण्याला तळाचेच काढून द्यायचे आहे. मिसळले तर घरात भांडण होईल.’

‘खोटे बोलतोस कार्ट्या!’ नाखपे ओरडला.

झाले! स्वतःला उलट बोललेले चालत नाही आणि दुसऱ्याला मात्र खोटे म्हणतोस? अनान्सेने त्याचाच न्याय त्याला लावला. नाखप्याला मारले, तुकडे केले आणि ते चहूकडे उधळून दिले. तेव्हापासून म्हणे उलट बोलणे जमातीत सगळीकडे पसरले.

गोष्टीतले मारणे तुम्ही घेऊ नका, मारामारीचे काम आपले नाही. घ्यायचे ते दुसरेच. नाखप्याला हरवायला ताकद लागली नाही. त्याचेच माप त्याच्या पदरात टाकले. शेवटचा डाव तर एका लहान पोराने पाणी काढता काढता जिंकला.

रॅट्रेने आणखी एक नोंद करून ठेवली आहे. एखाद्याच्या मनात शेजाऱ्याबद्दल, अगदी मुखियाबद्दलही राग असला, तर तो रात्रीच्या गोष्टीत पात्रांच्या आडून बोलून दाखवावा, अशी रीत होती. सगळे हसत. ज्याला लागायचे त्याला लागे, पण त्याने चिडायचे नाही. शहाण्या समाजाने उलट बोलण्यासाठी जागा राखून ठेवली होती.

आता अनान्सेला कोणी संत समजू नये. दुसऱ्या एका गोष्टीत तो जगातले सगळे शहाणपण गोळा करून मडक्यात भरतो. ते झाडावर लपवायला निघतो आणि मडके पोटावर बांधून चढू लागतो. मडके मध्ये येते, चढता येत नाही. खाली उभा राहून तोच न्तिकुमा म्हणतो, ‘बाबा, पाठीवर बांधा ना!’ अनान्सेच्या लक्षात येते की सगळे शहाणपण मडक्यात आलेलेच नाही, थोडे या पोराकडे राहिले आहे. रागाने तो मडके टाकतो. ते फुटते आणि शहाणपण सगळ्यांना मिळते. म्हणजे काल ज्याने नाखप्याला जिरवले, तोच आज मडके बांधून झाडावर चढायला निघतो.

हे गोष्टीतच घडते असे नाही. ज्या अशांतींच्या या गोष्टी, तेच कोको पिकवणारे शेतकरी. तेव्हा त्या मुलखाला गोल्ड कोस्ट म्हणत आणि तिथे इंग्रजांचे राज्य होते. १९३७ साली युरोपीय कंपन्यांनी एकमेकींत करार करून कोकोच्या खरेदीतली स्पर्धा संपवली. शेतकऱ्यांनी कोको विकायचेच बंद केले. १९३८ च्या एप्रिलपर्यंत माल अडवून धरला. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि त्याने कंपन्यांच्या कराराविरुद्ध मत दिले. इथे नाखपे हरला.

पुढे १९४७ साली सरकारी कोको मंडळ आले. सगळा कोको त्यालाच विकायचा. १९७२ साली सुरू झालेली आपल्याकडची कापसाची एकाधिकार खरेदी ज्यांनी पाहिली, त्यांना याचा अर्थ समजावून सांगायला नको. १९५४ साली एन्क्रुमांचे स्वदेशी सरकार होते. जागतिक बाजारात कोको तेजीत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सरकारने कायदा करून शेतकऱ्याचा भाव ६० पौंडांच्या ओझ्याला ७२ शिलिंगांवर चार वर्षांसाठी बांधून टाकला. वरचा पैसा देशाच्या विकासाला. अशांती शेतकरी सप्टेंबरमध्ये कुमासी शहरात उठला. त्या चळवळीचे पुढारी होते बाफूर ओसेई अकोतो, अशांती राजाचे वरिष्ठ प्रवक्ते. राजाच्या वतीने बोलणे हेच त्यांचे काम. १९५७ साली देश स्वतंत्र झाला, १९५८ साली खटल्याशिवाय डांबून ठेवण्याचा कायदा आला आणि १९५९ साली अकोतो तुरुंगात गेले. १९६४ साली घानात एकच पक्ष उरला. १९६६ साली लष्कराने एन्क्रुमांना पदच्युत केले. ज्यांनी गोऱ्या नाखप्याला घालवले, त्यांनाही उलट बोललेले खपेनासे झाले होते. उलट बोलणारे तुरुंगात गेल्यावर ‘बाबा, मडके पाठीवर बांधा’ हे सांगणार कोण?

आता आपल्या घराकडे वळू. नाखपे फक्त मंत्रालयात राहतो असे म्हणून टाळ्या घेणे सोपे आहे. मी कृषी पदवीधर. चळवळीत येण्याआधी नोकरीत होतो, गावोगाव सभा घेत होतो. २०१५ च्या खरिपात एका सभेत मागे बसलेली एक बाई उठून म्हणाली, ‘साहेब, पराटीचे फूल उमलूनच नाही राह्यले. कळी मुरडून बंदच राहते.’ मी तिला सर्वांसमोर सांगितले, ‘ताई, हे दुसऱ्या पिढीचे बीटी आहे, यात बोंडअळी येत नाही. तुमचे बियाणे बोगस असेल.’ लोक हसले. बाई खाली बसली. ती सांगत होती ती डोमकळी, गुलाबी बोंडअळीची पहिली खूण. पुस्तकात मी ती वाचलेली होती. मी सोटा उचलला नाही एवढेच, बाकी सगळे नाखप्यासारखेच केले. २०१७ साली विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने काय केले ते तुमच्या वेचणीला ठाऊक आहे. त्या बाईचे ऐकून त्या शिवारात चार बोंडे फोडून पाहिली असती, तर निदान तिथल्या लोकांनी फरदड ठेवली नसती, पराटी वेळेवर उपटली असती. त्या सभेतले इतर लोकही पुढे मला काही सांगेनात. उलट बोलणाऱ्याला एकदा बसवले की पुढची दहा माणसे आपोआप बसतात.

आणि आपली चळवळ? सरकारला जाब विचारायला आपण लाखांनी जमतो. पण आपल्याच मंचावरच्या माणसाला ‘हे पटले नाही’ म्हणणारा उठला, की शेजारचे त्याचा सदरा ओढून खाली बसवतात. ‘आपल्यातच फूट नको’ म्हणतात. प्रश्न विचारणे म्हणजे फूट नव्हे. फूट पडते ती घरी जाऊन गप्प बसणाऱ्यांमुळे, पुढच्या मेळाव्याला न येणाऱ्यांमुळे. कोरडवाहू शेतकरी कापूस, ज्वारी, तूर एका रानात पेरतो, कारण एक गेले तर दुसरे हाती लागावे. मग विचाराचे तेवढे एकच पीक कशाला?

म्हणून माझी सूचना साधी आहे. या मेळाव्यात मुख्य भाषण झाल्यावर लगेच आभार नकोत. अर्धा तास माईक मागच्या रांगेत द्यावा. आधी बायांना, मग पोरांना. ज्याला पटले आहे त्याने टाळ्या वाजवाव्यात. बोलायचे ते ज्याला पटलेले नाही त्यानेच. आणि ज्याने गेल्या हंगामात सल्ला दिला त्याने, म्हणजे माझ्यापासून सुरुवात करून, आधी उभे राहून आपले काय चुकले ते सांगावे.

अशांती माणूस गोष्ट संपवताना म्हणतो की गोड लागली असो वा नसो, थोडी घेऊन जा आणि थोडी माझ्याकडे परत येऊ द्या. तुम्हीही ही गोष्ट गावी न्या. पुढच्या मेळाव्याला येताना या लेखात माझे काय चुकले ते घेऊन या. मी सोटा घरी ठेवून येईन.