तार किती ताणावी?

"मावशी, उद्यापासून मीपण येते तुझ्यासोबत," असे आमच्या भाचीने म्हटले तेव्हा आम्हाला मनापासून आनंद झाला होता. वाचक भगिनींनो, या सदरात आम्ही नेहमी तुम्हाला चार गोष्टी सांगतो. आज मात्र आमच्याच हातून झालेली चूक सांगणार आहोत. ती वाचून एखाद्या मुलीचे पाय वाचले तरी आमचे लिहिणे कारणी लागले असे समजू.

भाची उमरेडकडची. पोलीस भरतीच्या तयारीसाठी नागपूरला आमच्या घरी राहायला आली. पहाटे मैदानावर धावायचे, दुपारी अभ्यासिकेत बसायचे, रात्री जेवताना वेळेचे हिशेब सांगायचे. मुलींना मैदानी चाचणीत 800 मीटर धावणे, 100 मीटर धावणे आणि गोळाफेक, असे एकूण 50 गुण असतात. निम्मे गुण मिळाले नाहीत तर लेखी परीक्षेला बसताच येत नाही. 800 मीटर 2 मिनिटे 50 सेकंदांच्या आत संपवले तर 20 पैकी 20. भाचीला 3 मिनिटे 10 सेकंद लागत. या 20 सेकंदांसाठी ती जिवाचे रान करीत होती, कारण त्या 20 सेकंदांपलीकडे तिच्या आईचे मजुरीतून सुटणे होते.

आमचे कारण साधे. वय सत्तेचाळीस, रक्तातली साखर काठावर. डॉक्टर म्हणाले, हालचाल वाढवा. जवळच अष्टांग विन्यास योगाचा वर्ग सुरू झाला होता, तिथे नाव घातले. हा योग म्हणजे सतरंजीवर निवांत बसणे नव्हे. म्हैसूरचे पट्टाभी जोईस (1915-2009) यांनी तो जगभर नेला. त्यांचे गुरू कृष्णम्माचार्य 1930 च्या दशकात म्हैसूरच्या राजवाड्यात शिकवीत. ठरलेल्या क्रमाने आसने करायची, प्रत्येक आसनात साधारण पाच श्वास थांबायचे, आणि बैठ्या आसनांमध्ये पुन:पुन्हा हातांवर शरीर तोलून दंडासारखी हालचाल करायची. पहिली मालिका पूर्ण करायला दीड तास लागतो. आठवड्यातून सहा दिवस करायचा रिवाज आहे, अमावास्या-पौर्णिमेला सुट्टी. पहिल्या दिवशी पाच सूर्यनमस्कारांत आमच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले!

इथे काही वाचक विचारतील, की सूर्यनमस्कार आपण का करावेत? आम्हालाही पहिल्या दिवशी तोच प्रश्न पडला होता. आज जे नमस्कार घातले जातात त्यांचा व्यायाम म्हणून प्रसार औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी 1920 च्या दशकात केला. लोणावळ्याच्या कैवल्यधामात 1924 पासून योगाच्या शरीरावरील परिणामांचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू झाला. म्हणजे मोजून, तपासून पाहण्याची परंपरा महाराष्ट्रातच आहे. वर्गाच्या सुरुवातीला संस्कृत मंत्र म्हटला जाई, तेव्हा आम्ही डोळे मिटून श्वासाकडे लक्ष देत उभे राहत होतो, रविवारी विहारात बसतो तसे. कोणी हरकत घेतली नाही. शरीर वाकवायचे की नाही हे आपण ठरवावे, आणि कशापुढे वाकवायचे हेही आपणच ठरवावे.

आता चूक सांगतो. भाची पहाटे पाचला मैदानावर जायची आणि तिथून थेट साडेसहाला वर्गात. आठवड्यातून सहा दिवस दोन्ही. "योगाने दम वाढेल, पाय मोकळे होतील, वेळ आपोआप कमी होईल," असे आम्हीच तिला सांगितले होते. पोरगी जिद्दीची, तीन महिन्यांत शिकायचे ते तीन आठवड्यांत शिकायला निघाली. धावून धावून मांडीमागचे स्नायू आवळलेले, आणि त्यांनाच रोज तास-तासभर ताण. एके दिवशी पुढे वाकण्याच्या आसनात शिक्षकांनी तिच्या पाठीवर दोन्ही हात टेकवून वजन दिले. ती काही बोलली नाही. गुरूला नको कसे म्हणायचे?

त्यानंतर ती अभ्यासिकेतून आली की म्हणायची, "मावशी, बसलं की दुखतं गं. इथे, अगदी खाली, हाडावर." आणि आम्ही काय म्हणालो? "सुरुवातीला दुखतंच. सहन कर, सैल होईल." तीन आठवडे आम्ही हेच म्हणत राहिलो.

भगिनींनो, आपल्या घरात सहन करण्याचे फार कौतुक आहे. आमच्या आजीने खडी फोडून संसार केला, तापात कामावर गेली, आणि तिची थोरवी आम्ही अजून सांगतो. ती सांगावीच. पण आजीने सहन केले ते तिला दुसरा रस्ता नव्हता म्हणून. भाचीला रस्ता होता आणि आम्ही तो दाखवला नाही. व्यायामात थकवा आणि दुखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थकवा स्नायूच्या मध्यभागी, दोन्ही बाजूंना सारखा जाणवतो आणि दोन-तीन दिवसांत जातो. दुखणे एका बाजूला, सांध्याजवळ किंवा हाडाजवळ, बोट ठेवून दाखवता येईल असे असते आणि रोज त्याच जागी परत येते. पहिल्याला सोसावे, दुसऱ्याला कधीही सोसू नये.

शेवटी फिजिओथेरपिस्टकडे नेले. मांडीमागचा स्नायू बैठकीच्या हाडाला जिथे कंडऱ्याने जोडलेला असतो, तिथे इजा झाली होती. पुढे वाकण्याचा अतिरेक करणाऱ्यांना आणि धावणाऱ्यांना ही इजा होऊ शकते. भाची दोन्ही करीत होती. त्यांनी समजावून सांगितले, की स्नायू लवकर तयार होतो, कंडरा सावकाश. त्यामुळे ताकद वाढल्यासारखी वाटते तेव्हा सांध्याजवळची जोडणी अजून मागेच असते. उपाय ताणण्याचा नाही, हळूहळू भार देण्याचा. पुढे वाकणे बंद, वेगात धावणे बंद. आधी सेतुबंधासनात कंबर उचलून धरणे, मग एकेका पायावर, मग हातात वजन घेऊन कमरेतून झुकणे. धावणे सुरू व्हायला सहा आठवडे लागले.

त्याच वेळी डॉक्टरांनी रक्त तपासले. हिमोग्लोबिन 9.8. बाईच्या रक्तात ते 12 च्या खाली नसावे. पोरगी दम लागतो म्हणायची आणि आम्ही सराव कमी पडतो म्हणायचो! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला आहे. कोणताही कष्टाचा व्यायाम सुरू करण्यापूर्वी ही एक तपासणी करून घ्या. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नये. लिंबू पिळलेल्या जेवणासोबत घेतली तर चांगली लागू पडते.

त्या दिवसांत एका रविवारी विहारात भन्तेजींनी सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. श्रीमंत घरचा सोण चंक्रमण करता करता तळपाय रक्तबंबाळ होईपर्यंत चालत राहिला, आणि हाती काही लागेना म्हणून घरी परतायचा विचार करू लागला. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. भगवंतांनी त्याला विचारले, की तारा फार ताणल्या तर वीणा सुरात वाजायची का? नाही. फार सैल सोडल्या तर? तेव्हाही नाही. गोष्ट आम्ही अनेकदा ऐकलेली होती. पण त्या दिवशी भाची आमच्या शेजारी उशीवर एका बाजूला कलून बसली होती, आणि आम्हाला वर पाहवेना.

मग आम्ही दोघींनी वही घेतली आणि आठवडा नव्याने लिहिला. ज्यांच्या घरी भरतीची तयारी करणारी मुले-मुली आहेत आणि ज्यांना योगही करायचा आहे, त्यांच्यासाठी तो इथे देतो.

सोमवारी 400 मीटरच्या चार वेगवान फेऱ्या, मध्ये पुरेशी विश्रांती. मंगळवारी योग पाऊण तास, फक्त नमस्कार आणि उभी आसने. बुधवारी ताकद: बैठका, वजन घेऊन कमरेतून झुकणे, गोळाफेक, आणि रबरी पट्टा किंवा मैदानावरचा बार धरून ओढण्याचे व्यायाम. गुरुवारी बोलता बोलता धावता येईल अशा संथ गतीने अर्धा तास. शुक्रवारी 100 मीटरचा सराव. शनिवारी योग तासभर, बैठी आसने हळूहळू वाढवत. रविवारी सुट्टी, आणि सुट्टी म्हणजे सुट्टीच.

यातल्या ओढण्याच्या व्यायामाबद्दल एक शब्द. या योगात हात रोज ढकलण्याचे काम करतात, ओढण्याचे जवळजवळ नाहीच. आमच्या आजीच्या खांद्यांना वस्तीतल्या विहिरीचे पाणी शेंदून तो व्यायाम मिळत होता. आपल्याला नळ आहे, म्हणून पट्टा हवा. नाही तर खांदे पुढे येतात आणि दुखू लागतात. तसेच, कितीही आसने केली तरी 800 मीटर धावण्याचा वेळ धावल्यानेच सुधारतो. योगाने श्वासावर ताबा येतो, तोल येतो, सांधे मोकळे राहतात, हातापोटात बळ येते. एवढे थोडे नाही. पण जे त्याच्याकडे नाही ते त्याच्याकडे मागू नये.

दुसरे, वेगात धावण्याच्या लगेच आधी लांब ताण देऊ नका. एकाच स्थितीत मिनिटाहून जास्त ताणलेला स्नायू काही वेळ आपला पूर्ण जोर देत नाही. धावण्यापूर्वी हळू पळा, पाय झुलवा, दोन-चार छोट्या धावा घ्या, आसने नंतर. तिसरे, दोन नव्या गोष्टी एकाच महिन्यात सुरू करू नका. धावणे अंगवळणी पडू द्या, मग आठवड्यातून दोनच दिवस योग घाला. परीक्षेच्या शेवटच्या दोन आठवड्यांत नवे काहीच नको.

आहाराचे सांगायचे तर महागड्या डब्यांची गरज नाही. शरीराच्या दर किलो वजनामागे साधारण एक ग्रॅम प्रथिने तरी रोज पोटात जावीत. धावणाऱ्या मुलीला त्याहून थोडी जास्त लागतात. एका अंड्यात सुमारे 6 ग्रॅम असतात, 100 ग्रॅम शेंगदाण्यांत सुमारे 25. चणे, मसूर, सुकट, बोंबील हे सगळे आपल्या स्वयंपाकघरातलेच. आणि घरात अंडी पाच असतील आणि माणसे सहा, तर भरतीच्या मुलीला उरले नाही असे होऊ देऊ नका.

शिक्षकांबद्दलही सांगायला हवे. पट्टाभी जोईस यांच्या निधनानंतर त्यांच्या अनेक शिष्यांनी पुढे येऊन सांगितले, की आसन सुधारण्याच्या नावाखाली त्यांनी अयोग्य स्पर्श केले. त्यांचे नातू शरथ जोईस यांनी 2019 साली त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आमच्या शिक्षकांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना वाटले, मदत करतो आहोत. पण हेतू चांगला असो वा वाईट, आपल्या अंगावर वजन टाकण्यापूर्वी विचारलेच पाहिजे, आणि "नको" म्हटल्यावर हात मागे गेलाच पाहिजे. मुलींना हे वर्गात पाठवण्यापूर्वी घरीच शिकवा. गुरू म्हणून कोणाला प्रश्न विचारायचा नाही, हे आपण बाबासाहेबांकडून शिकलेलो नाही.

आमचे काय झाले? आम्ही पूर्ण मालिकेचा नाद सोडला. आठवड्यातून तीन दिवस चाळीस मिनिटे योग, पाच दिवस अर्धा तास भरभर चालणे. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली मोठ्या माणसांना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम कष्टाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम सांगितला आहे, तो यात बसतो. शीर्षासन करीत नाही. मानेचा त्रास, काचबिंदू किंवा वाढलेला रक्तदाब असणाऱ्यांनी ते करूच नये. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटे गल्लीत फिरतो. साखर काठावरून मागे सरकली आहे.

आणि भाची? मैदानात पास झाली. 800 मीटर तिने जिद्दीने काढले, पण 100 मीटरला पाय पूर्ण टाकता आला नाही. लेखी चांगली गेली. यादी लागली तेव्हा नाव दोन गुणांनी हुकले होते. तिच्या आईने आम्हाला एका शब्दाने दोष दिला नाही. फोनवर एवढेच म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी होईल." ते दोन गुण कुठले, हे आम्हाला ठाऊक आहे.

पुढच्या भरतीची तयारी सुरू आहे. परवा भाचीने मैदानावरून फोन केला: 2 मिनिटे 54 सेकंद. आम्ही विचारले, "दुखतंय का कुठे?" ती हसली आणि म्हणाली, "नाही मावशी. आणि दुखलं तर सांगीन."