सिग्नलवरचा ताप

‘गाडी तापते’ एवढ्या वाक्यावर जो मेकॅनिक पाने उचलतो, त्याच्या हाती गाडी देऊ नये. गाडी केव्हा तापते, हे त्याने आधी विचारले पाहिजे. मोकळ्या रस्त्यावर ऐंशीच्या वेगात, की सिग्नलला उभी असताना? निम्मे निदान या एका प्रश्नात होते आणि आपल्याकडे बहुधा तोच विचारला जात नाही.

यामागचे शास्त्र अगदी साधे आहे. इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा थोडाच भाग चाकांना मिळतो, बाकीच्याची उष्णता होते. ती पाण्यात, म्हणजे आजच्या भाषेत कूलंटमध्ये उतरते आणि रेडिएटरमध्ये वाऱ्याच्या हवाली होते. गाडी धावत असेल तर हा वारा फुकट मिळतो. उभ्या गाडीला मात्र वारा घालायला पंखाच लागतो. म्हणून धावताना शांत असलेली गाडी रांगेत उभी राहताच तापत असेल, तर पहिला संशय पंख्यावर घ्यावा. उलट ती वेगात किंवा चढावर तापत असेल, तर रेडिएटर आतून चोंदला आहे का, थर्मोस्टॅट अडकला आहे का, पंप पाणी ढकलतो का, हे पाहावे. बोअरचे पाणी वर्षानुवर्षे ओतत राहिले की रेडिएटरच्या नळ्यांत क्षारांचा थर बसतो. आपल्या घरच्या गिझरमध्ये बसतो, तसाच.

फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, या गाडीचा पंखा पट्ट्याने इंजिनाला जोडलेला असे. इंजिन मंदावले की पंखाही मंदावणार. वाऱ्याची गरज सर्वांत जास्त तेव्हाच तो कमी, असा तो उफराटा कारभार होता. बोरघाटात बॉनेट उघडून वाफा सोडत उभ्या राहिलेल्या गाड्या आणि डिकीतले पाण्याचे डबे आमच्या पिढीला चांगले आठवतात. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी 2023च्या ऑक्टोबरात कायमची गेली. त्याच्या कितीतरी आधी, 1983मध्ये, मारुती आली. तिचे इंजिन आडवे बसवलेले आणि पंखा विजेवर चालणारा. हा पंखा गाडी उभी असली तरी पूर्ण वेगाने फिरतो. पण फ्यूज, रिले, तापमान ओळखणारा स्विच, वायर, मोटर यांपैकी एक जरी रुसले, तरी तो जागचा हलत नाही. आणि महामार्गावर वाऱ्याच्या कृपेने त्याचा पत्ताही लागत नाही.

आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त गृहस्थांचे असेच झाले. एप्रिलची दुपार, मागच्या सीटवर पत्नी आणि चार वर्षांची नात, पुलाच्या अलीकडे गाड्यांची रांग. बॉनेटमधून वाफ दिसताच ते उतरले आणि हातरुमाल घेऊन रेडिएटरचे झाकण फिरवायला निघाले. शेजारच्या रिक्षावाल्याने त्यांचा हात धरला, म्हणून निभावले. ते झाकण आतले पाणी दाबाखाली ठेवते, त्यामुळे शंभर अंशांच्या वर गेले तरी ते उकळत नाही. झाकण सैल केले की दाब जातो आणि त्याच क्षणी त्याची वाफ होऊन तोंडावर येते.

पुढे गॅरेजमध्ये कूलंट बदलले, थर्मोस्टॅट बदलला. तिसऱ्या खेपेला ‘हेड उतरवावे लागेल’ असे ऐकवण्यात आले. थकलेल्या कर्जखात्यांची तपासणी करण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. हप्ता कोणत्या महिन्यापासून चुकू लागला हे न पाहता पुन्हा पुन्हा नवे कर्ज देणारे शाखाधिकारी मी पाहिले आहेत. हा त्यातलाच प्रकार.

दुसऱ्या एका मेकॅनिकने गाडी चालू ठेवून नुसती वाट पाहिली. काटा वर चढला, पंखा गप्प. एसी लावला की बहुतेक गाड्यांत पंखा आपोआप सुरू होतो. तोही झाला नाही. मोटरला बॅटरीवरून थेट करंट दिला, ती गरकन फिरली. फ्यूज शाबूत होता. मग त्याने हॉर्नचा तसाच रिले काढून पंख्याच्या जागी लावला आणि पंखा सुरू झाला. वीस मिनिटांचे काम, काही शे रुपयांचा रिले. सिग्नलला एसी गार हवा देत नाही म्हणून या गृहस्थांनी महिन्यापूर्वी गॅस भरून घेतला होता. तेही दुखणे या पंख्याचेच होते!

हेड उतरवण्याची वेळ येतच नाही असे नाही. कुठे गळती नसताना कूलंट कमी होत असेल, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत असेल, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसत असेल, तर गॅस्केट गेले असण्याचा दाट संभव असतो. पण तापलेली गाडी ‘घरापर्यंत जाईल’ म्हणून रेटत राहिल्यानेच पुष्कळदा ते जाते. अशा वेळी एसी बंद करावा, खिडक्या उघडून हीटर पूर्ण लावावा, म्हणजे थोडी उष्णता गाडीच्या आत ओढली जाते. घामाघूम व्हाल, पण कडेला जागा मिळेपर्यंत इंजिन तग धरेल. मग ते बंद करून निदान अर्धा तास झाकणाला हात लावू नये, आणि तापल्या इंजिनात गार पाणी तर मुळीच ओतू नये. धातूला तडा जातो. एक खास घरच्यांसाठी : कूलंट चवीला गोड असते आणि विषारी असते. उरलेला डबा मुलांच्या आणि कुत्र्यामांजरांच्या वाटेत ठेवू नका.

गाडी बनवणाऱ्यांशी मात्र माझे भांडण आहे. अलीकडच्या अनेक गाड्यांतून तापमानाचा काटा काढून टाकला आहे, त्या जागी नुसता दिवा असतो. काटा हळूहळू चढताना दिसे, माणूस सावध होई. लाल दिवा लागतो तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेले असते. वितभर रुंदीचा पडदा बसवणाऱ्यांना एक काटा जड व्हावा, याचे नवल वाटते. तो परत येईपर्यंत रांगेत अडकल्यावर मधूनमधून गाणी बंद करावीत, काच खाली घ्यावी आणि समोरून पंख्याची घरघर येते का, ते ऐकावे.